तो हातमोज्यांचं सांगत नव्हता

दौलत, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून लोक मागे सरकतात न सरकतात तोच एक आला आणि घास घेऊन गेला. "समाधानी जीव होता," माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले. मी मात्र कावळा अडेल अशी आशा लावून बसलो होतो. तो अडला असता तर नेहमीप्रमाणे कोणीतरी हाक दिली असती, बाबांनो, कोणाचं काही सांगायचं, कबूल करायचं राहिलंय का, आणि मग मला पुढे व्हावंच लागलं असतं. तू तिथेही अडून बसला नाहीस. तुझी ही सवय मला फार महागात पडली आहे.

मग श्रद्धांजलीची भाषणं झाली. आपल्या कंपनीचे पर्सोनेल साहेब आधी बोलले. चांगलं बोलतात ते, आवाज आहे. म्हणाले, "एका क्षणाच्या निष्काळजीपणानं दौलतरावांनी उजव्या हाताची दोन बोटं गमावली. पण चूक स्वतःची होती हे त्यांनी मोकळ्या मनानं मान्य केलं, आणि शेवटपर्यंत कोणाला दोष दिला नाही." सुमनवहिनी समोर बायकांत बसल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. साहेबांनी माइक माझ्या हातात दिला.

मला एकच वाक्य बोलायचं होतं: दौलतची बोटं त्याच्या चुकीनं गेली नाहीत, माझ्या चुकीनं गेली. नऊ वर्षं मी हे वाक्य तोंडात घोळवतो आहे. माइक हातात होता, अख्खं खातं समोर बसलं होतं, आणि नुकतंच त्यांना खोटं सांगून झालं होतं. मी म्हणालो, "दौलत अतिशय मनमिळाऊ होता." त्यानंतर इटलीतल्या दोन-तीन गमती सांगितल्या. लोक हसले, एकदोघांनी डोळे पुसले. मी माइक पुढच्या माणसाकडे दिला आणि घामानं भिजलेला हात पँटला पुसला.

आपण दोघं सातपूरला एकाच महिन्यात लागलो. मी नाशिकचाच, डिप्लोमावाला, बोलणं साफसूफ. तू आयटीआयचा फिटर, सटाण्याकडून आलेला, हातात पत्र्याची ट्रंक आणि तोंडात अहिराणी. पहिल्याच आठवड्यात फोरमननं काहीतरी भराभरा सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तू तेवढा उभा राहिलास आणि भर खात्यात म्हणालास, "माले समजनं नही."

खातं खो खो हसलं. सहा महिने तुझं नावच 'समजनं नही' पडलं होतं. हसणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होतो, हेही लिहून ठेवतो. गंमत अशी की आमच्यापैकीही कोणाला फोरमनचं काही समजलेलं नव्हतं. पण आपल्याकडे शिकवणारा समोर असला की मान डोलवायची, तो त्याचा मान. मग तो गेल्यावर एकमेकांना विचारायचं, काय म्हणाला रे? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझी मूठ मात्र कायम उघडी. "हसतील त्याचे दात दिसतील," असं म्हणून तू पुन्हा फोरमनकडे जायचास आणि शिकून यायचास. मग आम्ही गुपचूप तुझ्याकडून शिकायचो.

आपण एका खोलीत राहायला लागलो तेव्हा मी तुझं मराठी दुरुस्त करायला घेतलं. 'शे' नाही, 'आहे' म्हण. 'माले' नाही, 'मला' म्हण. रागावायचा हक्क असूनही तू रागावला नाहीस, उलट मला 'मास्तर' नाव ठेवलंस. ते नाव मला आवडायचं. त्यातला टोमणा मला फार उशिरा कळला.

अठ्ठ्याण्णव साली कंपनीनं इटलीहून मोठा हायड्रॉलिक प्रेस घ्यायचं ठरवलं आणि तो शिकून यायला दोघांना दहा आठवडे पाठवायचं ठरलं. सुपरवायझर म्हणून मी. फिटर म्हणून तुझं नाव मीच सुचवलं होतं. तिथे इंग्रजी चालणार नाही हे आधीच कळलं होतं, म्हणून मी मुंबईहून एक पुस्तक आणि दोन कॅसेट मागवल्या. महिनाभर घरात कॅसेट लावून मी बायकोला वैताग आणला. तू काहीच केलं नाहीस. विमानात बसल्यावर विचारलंस, "मास्तर, 'समजलं नाही' कसं म्हणायचं तेवढं सांग." मी पुस्तक काढून पान शोधलं. नॉन ओ कापीतो. तू ते दहा वेळा घोकलंस आणि झोपलास. "अरे, बाकीचं?" मी विचारलं. डोळे न उघडता म्हणालास, "बाकीचं ते सांगतील ना. मला काय ही पहिली परकी भाषा हाय का? पहिली तुझी शिकलो."

मी त्यावर हसलो होतो.

तिथल्या त्या लहानशा गावात आपली सोय एका विधवा बाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर होती. मी संध्याकाळी खोलीत बसून धडे वाचायचो, क्रियापदं पाठ करायचो. तू खाली परसात. बाई कांद्याची रोपं लावत होत्या, आणि सटाण्याच्या माणसासमोर कोणी कांदा दाटीनं लावला तर त्याला राहवेल कसं! तू खुरपं त्यांच्या हातातून काढूनच घेतलंस. दोन आठवड्यांत तुला माती, पाणी, वाफा, उद्या, पुरे, अजून थोडं, हे सगळं त्यांच्या भाषेत येत होतं. कांद्याला चिपोल्ला म्हणतात हे तू मला जेवणाच्या टेबलावर सांगितलंस आणि वर म्हणालास, "तुझ्या पुस्तकात कितव्या पानावर हाय बघ." बाई तुझ्या प्रत्येक वाक्यात चूक काढायच्या, तू खदखदून हसायचास आणि नीट करून पुन्हा म्हणायचास. माझी त्यांनी एकही चूक काढली नाही, कारण मी त्यांच्यासमोर बोलायचोच नाही. मनात वाक्य जुळवून होईपर्यंत ताटं उचललेली असायची.

मला तुझा राग यायला लागला होता, दौलत. आज उघड लिहितो. मास्तर मी होतो.

कारखान्यात शिकवायला सेर्जो होता, पन्नाशीचा, केस पिकलेला, हातात सतत चिंधी. तो एक भाग दाखवायचा, सांगायचा, मग आपल्या तोंडांकडे बघायचा. मी म्हणायचो, "सी, सी," म्हणजे हो, हो. तू म्हणायचास, "नॉन ओ कापीतो." तो पुन्हा सांगायचा, या वेळी हातवारे करून. तुझं समाधान होईपर्यंत तो थांबायचा. दिवसाच्या शेवटी एक कागद यायचा: आज अमुक अमुक दाखवलं, शिकणाऱ्यांना समजलं. खाली आपल्या दोघांच्या सह्या. आपल्याकडे सही म्हणजे सकाळी मस्टरवर करतो ती. वाचून सही करणारा माणूस मी सातपुरात पाहिलेला नाही. तू मात्र सही करायच्या आधी तो कागद बोटानं ओळ ओळ लावत मला वाचायला लावायचास, आणि मी चरफडायचो.

सहाव्या आठवड्यातला तो दिवस मला मिनिटामिनिटानं आठवतो. जेवणाची सुट्टी व्हायला थोडाच वेळ होता. प्रेसच्या मागे तेलाचा दाब साठवून ठेवणारी लोखंडी टाकी होती, आपण तिला बाटला म्हणायचो. सेर्जोनं प्रेस बंद केला. मग बाटल्यावर हात ठेवला, दाबाच्या काट्याकडे बोट केलं, एक छोटी चावी फिरवून दाखवली आणि भराभरा बोलू लागला. तो नेहमीसारखा हसत नव्हता. शेवटी त्यानं स्वतःच्या उजव्या हाताचं बोट पुढे केलं आणि त्याच्या टोकावर डाव्या हाताचं नख दाबून धरलं, आणि काहीतरी तीनदा म्हणाला.

"सी, सी," मी म्हणालो.

"नॉन ओ कापीतो," तू म्हणालास.

त्यानं पुन्हा सांगितलं. बाटला, काटा, चावी, बोट. तू पुन्हा म्हणालास. त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं. तू तिसऱ्यांदाही तेच म्हणालास. मागे दोन इटालियन कामगार जेवायला निघाले होते, ते आपल्याकडे बघून हसले. ते कशाला हसले कोण जाणे. माझे कान तापले. मी तुला मराठीत दटावलं, "पुरे कर आता. किती वेळा तेच? आपली लाज काढतोस."

"तुला समजलं?"

"समजलं. हातमोजे घालायला सांगतोय."

तू माझ्याकडे बघत राहिलास. "नक्की का मास्तर? हातमोज्याचं असतं तर त्यानं हातमोजे दाखवले असते. तो बोट दाबून दाखवतोय."

मला समजलेलं नव्हतं. हात दिसला म्हणून मी हातमोजे म्हटलं, बाकी काही नाही. त्या क्षणी 'मलाही नाही समजलं' एवढं म्हटलं असतं तर सेर्जो चौथ्यांदा सांगायला तयार होता. त्याचा चेहरा मला अजून दिसतो, तो वाट बघत होता. मी त्याला हसून म्हणालो, कापीतो, कापीतो. आणि तुला म्हणालो, "जास्त शहाणपणा नको. चल जेवायला."

संध्याकाळी कागद आला. तू पेन घेतलं नाहीस. "उद्या परत विचारू," म्हणालास. मी आवाज चढवला, सुपरवायझर मी आहे म्हणालो. असं मी तुला त्याआधी कधीच म्हटलं नव्हतं. तू पेन घेतलंस. "तू सांगतोस म्हणून करतो," एवढंच बोललास. दुसऱ्या दिवसापासून सेर्जो दुसऱ्या कामावर गेला आणि आपल्याला विजेच्या भागाकडे पाठवलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात, सातपूरला, पहिल्या पाळीत, प्रेसच्या मागच्या एका जोडातून तेल गळायला लागलं. मी मेन स्विच बंद केला. "बंद आहे, खोल," मी म्हणालो. तू पाना उचललास, मग थांबलास, कपाटाकडे गेलास आणि नवे कोरे हातमोजे घालून आलास. मला हात दाखवून म्हणालास, "मास्तरांनी शिकवलंय." तू चेष्टा करत होतास. पण घातलेस मात्र खरोखर, माझ्या शब्दाखातर.

नट अर्धा फेराही फिरला नसेल. फस्स असा आवाज झाला, आणि तू हात मागे ओढलास. हातमोज्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. आत बोटावर लाल टिंब. रक्तसुद्धा नीट आलं नाही. "काय नाय रे, मुंगी चावली," म्हणालास आणि पाळी संपेपर्यंत काम केलंस. मी तुला डॉक्टरकडे जा म्हणालो नाही. टिंबासाठी कोण डॉक्टरकडे जातं?

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा निरोप आला. हात मनगटापर्यंत सुजला होता, बोटं काळीनिळी. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मग मला बाजूला घेतलं. "एवढ्या दाबाचं तेल कातडीत शिरलं ना, की बाहेरून एवढंच दिसतं," ते म्हणाले, आणि त्यांनी आपल्या बोटाच्या टोकावर नख दाबून धरलं. "आतून बोट सडतं. कालच, तासाभरात आणायला हवं होतं."

दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात मला सेर्जोचं बोलणं समजलं. स्विच बंद केला तरी बाटल्यात दाब राहतो. आधी चावी फिरवा, काटा शून्यावर येऊ द्या. आणि तेल टिंबाएवढं जरी टोचलं, तरी काम टाकून दवाखान्यात पळा. तू तीनदा विचारलंस, त्यानं तीनदा सांगितलं, मध्ये मी उभा होतो.

बोटं गेली. महिन्यानं चौकशी झाली. साहेबांच्या टेबलावर इटलीहून मागवलेला तो कागद होता. 'दाखवलं, समजलं.' दोन सह्या. तुला विचारलं, "खोलण्याआधी दाब सोडायचा, हे तुम्हाला शिकवलं होतं?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं कॅलेंडर वाचत होतो. त्या आठवड्यात माझ्या बढतीची शिफारस वर गेली होती, हे तुला माहीत होतं. तू म्हणालास, "शिकवलं होतं साहेब. मी विसरलो. माझं चुकलं."

बाहेर आल्यावर मी "दौलत" एवढंच म्हणू शकलो. तू म्हणालास, "चल, चहा घेऊ."

तुला खात्याच्याच स्टोअरमध्ये टाकलं. मी खात्याचा मॅनेजर झालो. या विषयावर आपण एकदाच बोललो, आणि तेही भांडणच झालं. मी स्टोअरच्या खिडकीशी काही सामान घ्यायला आलो होतो, तू डाव्या हातानं पावती लिहीत होतास, आणि ते बघवेना म्हणून मीच वसकन अंगावर आलो. "मी सांगितलं होतं का तुला असं बोलायला? खरं का नाही सांगितलंस?" तू लिहायचं थांबला नाहीस. "माझी बोटं तर गेलीच होती. तुझी जागा पण गेली असती. दोघांचं घालवून कोणाचं भलं होणार होतं?" मी म्हणालो, हे उपकार मी मागितले नव्हते. तू हसलास. "मास्तर, तू आभार पण भांडून मानतोस." मी सामान न घेताच निघून गेलो. त्या भांडणात पुढचं वाक्य माझं होतं, दौलत. ते मी तुला दिलंच नाही.

त्यानंतर मी तीनदा इटलीला गेलो. आता माझी भाषा चांगली सुधारली होती. पहिल्या खेपेला तू त्या बाईंसाठी पत्र दिलंस, डाव्या हातानं लिहिलेलं, इटालियन, पण सगळं देवनागरीत. "तू नुसतं वाच, त्यांना समजेल," म्हणालास. मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून वाचलं आणि त्यांना खरंच सगळं समजलं. हाताची गोष्ट आली तिथे त्यांनी मला थांबवलं आणि तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली. पुढे तू कांद्यांची चौकशी केली होतीस.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सेर्जो भेटला. त्याला बातमी कळलेली होती. त्यानं हात मिळवला नाही. शांतपणे, एकेक शब्द सुटा करून, माझ्यासाठी मुद्दाम सावकाश बोलला. "तो विचारत होता. तीनदा विचारलं त्यानं. तू हो म्हणत होतास." एकही शब्द मला अडला नाही. इतक्या वर्षांच्या अभ्यासानंतर पहिल्यांदा एखाद्याचं बोलणं मला पुरतं समजलं, आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते कोणत्याच भाषेत येईना.

परत आल्यावर तू विचारलंस, "सेर्जो काय म्हणतो?" मी म्हणालो, "मजेत आहे. तुला विचारत होता."

पण सगळ्यांत वाईट याच्याही पुढे आहे. नवीन भरतीला सुरक्षेचे धडे द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्या वर्गात एक फोटो दाखवतात, तुझ्या हाताचा. खाली लिहिलंय, 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालेला अपघात'. तो फोटो दाखवून मी वर्षानुवर्षं बोललो. एकदा कोणाच्या तरी डोक्यात आलं की तुलाच बोलवावं. तू आलास, खडूच्या फळ्यापाशी उभा राहून हात वर केलास, आणि मी पोरांना सांगितलं की एक क्षण लक्ष नसलं की काय होतं बघा. वर्ग सुटल्यावर तू दारात म्हणालास, "चांगलं बोलतोस मास्तर. फक्त हातमोज्याचं सांगितलं नाहीस." पुढच्या खेपेला बोलावलं तेव्हा काम आहे म्हणून कळवलंस, आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला.

तू असा अचानक गेलास की त्या संध्याकाळी घरून फोन आला तेव्हा मला वाटलं कोणीतरी चुकीचं सांगतंय. तुला बघायला आलो तेव्हा हात छातीवर ठेवलेला होता, उजवा हात. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. खांदा दिला. दहाव्याला काय केलं ते वर लिहिलंच आहे.

तेरावा झाला. घरी मला जेवण जाईना. काल सकाळी मी तुझ्या घरी गेलो. तुझी लेक मनीषा कॉलेजला गेली होती. वहिनी एकट्या होत्या, तुझे धुतलेले शर्ट खाटेवर ठेवून घड्या घालत होत्या. मी बसलोसुद्धा नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. बाटला, सेर्जोचं बोट, हातमोजे, सही, चौकशी, काचेखालचं कॅलेंडर. काही लपवलं नाही आणि मऊही केलं नाही.

त्या ऐकत होत्या. हातातला शर्ट तसाच. मग म्हणाल्या, "भाऊजी, हे तुम्ही तिथं का नाही बोलले? माइक तर हातात होता."

"भीती वाटली."

"आता नाही वाटत?"

"वाटते."

"मग जिथं जिथं त्यांची चूक म्हणून सांगितलं, तिथं तिथं जाऊन सांगा. त्या साहेबांना सांगा. तो फोटो लावता ना, तिथं सांगा."

मी हो म्हणालो. आणि दौलत, हा हो समजून म्हटलेला आहे. तिथूनच मी कंपनीत गेलो आणि लेखी दिलं. साहेब म्हणाले, फाइल कधीच बंद झाली, आता कशाला उकरता? मी अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवून पोच घेतली. सोमवारी नवीन वर्ग आहे. तिथे काय बोलायचं ते ठरलेलं आहे, आणि ते बोलताना माझं काय व्हायचं ते होईल.

पण वहिनींकडून निघण्याआधी जे झालं ते सांगायचं राहिलंय. मला वाटलं होतं त्या मला शिव्या देतील, जा म्हणतील. त्या खाटेवर बसल्या आणि त्या शर्टाची बटणं एकेक करून लावू लागल्या. "हात बरा झाल्यावर त्यांना बटण लावता येईना," त्या म्हणाल्या. "मी लावून द्यायचे. रोज सकाळी. आणि भाऊजी, रोज त्यांना बोलायचे मी. एवढी साधी गोष्ट कशी कळली नाही तुम्हाला? परदेशात जाऊन काय शिकले? चांगलं काम होतं, घालवून बसले स्वतःच्या हातानं. नऊ वर्षं बोलले मी."

मी विचारलं, "मग तो काय म्हणायचा?"

"काही नाही. हसायचे. म्हणायचे, हां, चुकलंच माझं. लाव लवकर, बस जाईल."

तू त्यांनाही सांगितलं नव्हतंस. माझी मूठ झाकायला तू तुझ्या घरातला मानसुद्धा गहाण टाकलास, आणि रोज सकाळी त्यांचं ऐकून घेऊन कामावर आलास, माझ्या हाताखाली. मला हे माहीत नव्हतं. आता माहीत झाल्यावर याचं काय करायचं ते मला कळत नाही. मी तुझा ऋणी आहे आणि तुझ्यावर प्रचंड चिडलेलो आहे, आणि दोन्ही खरं आहे.

शेवटचं बटण लावून झालं. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साधेपणानं, एखादा निरोप पोचवायचा असावा तसं विचारलं, "भाऊजी, मला आता कळलं. पण मला कळलं, हे त्यांना कोण सांगणार?"

घरी येऊन रात्रभर तोच प्रश्न डोक्यात होता, म्हणून सकाळी उठून हे लिहायला बसलो.

दौलत, वहिनींना कळलं.